पाठवलं कुणी, आलं कोण

पहाटे 5:15

गुरुवार लातूरचा. समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.ए.ला दुसऱ्या वर्षी वर्गातले तास आटतात आणि प्रॅक्टिकम वाढतो. प्रॅक्टिकम म्हणजे खऱ्या माणसासमोर बसायचं, आणि झालेलं सगळं नंतर एका जाणत्या माणसापुढे मांडायचं. आठवड्याचे पहिले दोन दिवस मी नांदेडलाच एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात असते. तिथे डॉक्टर विचारतात, आम्ही ऐकतो आणि पूर्वेतिहास उतरवून घेतो. लातूरला मात्र खोलीत मी एकटी असते, म्हणून गुरुवारी गजर व्हायच्या आधीच जाग येते.

पिशवीत काळी स्पायरल फाइल, मराठी संमतीपत्रं, पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीच्या झेरॉक्स, दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. फायलीत किती केसेस पूर्ण हव्यात ते अभ्यासक्रमाने ठरवून दिलेलं असतं आणि प्रत्येकीखाली मार्गदर्शकाची सही लागते. परीक्षा जवळ आली की 'तुझ्या किती झाल्या?' एवढंच आमच्यात बोलणं उरतं. काही फायली घरबसल्याही भरतात, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. त्या ओळखायला सोप्या असतात, कारण त्यांच्यातला प्रत्येक माणूस सहाव्या भेटीत बरा होतो.

सकाळी 6:00

लातूरची बस. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून माझं हे शिक्षण चालू आहे असं म्हटलं तरी चालेल. प्रॅक्टिकमला विद्यावेतन नसतं.

लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. जानेवारीत या रस्त्याला दोन्हीकडे तुरीची काढणी चाललेली असते. अहमदपूरला ड्रायव्हरच्या मागे कापडी पिशव्यांची रास लागते. त्या डब्यांच्या पिशव्या. आई पहाटे उठून डबा करते, बाप स्टँडवर आणून देतो, लातूरच्या स्टँडवर पोरगं येऊन उतरवून घेतं. पिशवीवर स्केच पेनने नाव आणि क्लासचं नाव असतं. मेसचं जेवण अंगी लागत नाही म्हणून ही व्यवस्था. डबा पूर्ण संपला नाही, तर संध्याकाळच्या बसने तेही घरी कळतं.

बसमध्ये मी वाचते. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, समोर येणारी माणसं सगळी मराठी. त्यातल्या त्यात अल्बर्ट एलिस बरा, कारण त्याने 1955 साली सुरू केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईचे कि. मो. फडके आणि ठाण्याच्या आयपीएच या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मराठीत चांगली रुजवली. 'मला अमुक मिळालंच पाहिजे' या हट्टातला 'च' सापडला की अर्धं काम झालं, असं ती पद्धत सांगते. तो 'च' नेमका कुणाचा आहे, हे शोधणं उरलेलं अर्धं असावं.

शेजारच्या सीटवरची बाई विचारते, "नोकरीला जातीस का गं?" शिकते म्हटलं की पुढचा प्रश्न, "मग पुढं काय होणार?" याचं उत्तर मला बसमध्ये देता येत नाही आणि विद्यापीठातही नीट मिळत नाही. रुग्णालयात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. आमचा एम.ए. त्यात बसत नाही. समुपदेशकांसाठी 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसाय कायदा झाला, त्याच्या यादीत आमचं नाव आलं. पण कायद्याच्या यादीत नाव येणं वेगळं आणि हातात नोंदणी क्रमांक पडणं वेगळं. तोवर चार दिवसांचं शिबिर केलेला माणूसही 'समुपदेशक' अशी पाटी लावू शकतो आणि दोन वर्षं घासून निघालेली मीही तीच पाटी लावणार. 2025 च्या शैक्षणिक वर्षापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. प्रत्यक्ष माणसासमोर न बसता हे शिकता येत नाही, हे मलाही पटतं. पण इग्नूचा अभ्यास घरी करून एम.ए. झालेल्या कितीतरी शिक्षिका आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका या पट्ट्यात आहेत. त्यांच्यासारख्यांना आता नांदेड किंवा लातूरला खोली करून राहावं लागेल, आणि त्या राहू शकणार नाहीत.

सकाळी 9:20

लातूरचा ट्यूशन एरिया. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत रांगेने येऊ लागली, त्यातून 'लातूर पॅटर्न' हे नाव पडलं. आता बोर्डाला कुणी विचारत नाही, सगळं 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेवर चालतं. 720 गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर उणे एक. फ्लेक्सवर हसणारी मुलं आणि त्यांच्या गळ्याखाली आकडे. एका फ्लेक्सखाली चहाची टपरी आहे, तिथे ज्यांचे फ्लेक्स लागले नाहीत ती मुलं उभी असतात.

माझी खोली एका क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी तिथे नोट्सचे गठ्ठे ठेवायचे. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी नवी पाटी आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला निकाल दिला. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा, कोचिंग क्लासनेही गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणं शक्यतो टाळावं, असं त्यात आहे. पाटी लगेच झाली. तुकड्या अजून आहेत. फक्त ए, बी, सी जाऊन त्यांना नद्यांची नावं मिळाली. कोणती नदी वरची आणि कोणती खालची, हे पहिल्या दिवशी आलेल्या मुलालाही ठाऊक असतं.

खोलीच्या दाराला काच आहे. मी खुर्च्या अशा फिरवते की येणाऱ्याची पाठ काचेकडे राहील.

सकाळी 10:00

दोघी-तिघं पटापट. एकीचं रूममेटशी बिनसलंय. रात्री दोनपर्यंत दिवा कुणी चालू ठेवायचा, हा वाद. एकाला 'मोबाइल बघतो' म्हणून पाठवलंय. तो मोबाइलवर शेतीची यंत्रं बघतो, आणि त्याबद्दल बोलायला लागल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळतो. तिसरी आलीच नाही. यादीत तिच्या नावापुढे क्लासच्या समन्वयक सरांनी 'रडते' एवढंच लिहिलं होतं.

सकाळी 11:15

हा मुलगा म्हणजे कुणी एकच मुलगा नव्हे. तीन-चार जणांचा मिळून मी इथे एक माणूस केला आहे. गाव, घर, सगळं बदललेलं. हेही आम्हाला शिकवतात. लातूरसारख्या गावात एवढ्या तेवढ्या तपशिलावरून माणूस ओळखू येतो.

दुसऱ्यांदा रिपीट करणारा. नदीच्या नावाच्या वरच्या तुकडीतून दोन महिन्यांत खालच्या तुकडीत आलेला. सरांच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'मोटिव्हेशन कमी.' बसतो, पाय हलवत राहतो. पहिली पाच मिनिटं माझीच असतात: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, मात्र तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला सांगावं लागेल, तो पॉक्सो कायदा आहे, मी अजून शिकते आहे, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमशी तुझं नाव न घेता बोलेन. हे सगळं मी पाठ म्हणून दाखवल्यासारखं म्हणू नये यासाठी वर्गात आम्ही एकमेकींवर कितीदा सराव केलाय. तो अठरा पूर्ण झालेला आहे, म्हणून संमतीपत्रावर सही त्याची. लहान असता तर पालकांची लागली असती. त्याला ते विचित्र वाटतं. "माझीच सही? बाबाची नको?"

मग तो पहिला खरा प्रश्न विचारतो. "मॅडम, तुम्ही सरांना सांगणार का?"

"काय सांगू असं तुला वाटतं?"

"हेच. मी राहतो का जातो."

गप्प. अशा शांततेत बोलू नये, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतोय. आपल्याकडे कुणी गप्प बसलं की पाणी दे, चहा विचार, काहीतरी बोल, हाच संस्कार. कार्ल रॉजर्सने 1957 साली मांडलं की समोरच्याला बदलायला सल्ला लागत नाही. विनाअट स्वीकार, समानुभूती आणि उपचारकाचा खरेपणा लागतो. वाचायला हे सोपं आहे. ट्यूशन एरियातल्या त्या खोलीत शेजारून फिजिक्सचं लेक्चर ऐकू येत असतं आणि समोरचा पोरगा नख खात असतो, तेव्हा ते सोपं नसतं.

"झोपच येईना गेलीय," तो म्हणतो. "डोळे मिटले की ओएमआर शीट दिसते. रविवारी टेस्ट असली की शनिवारपासून पोटात गोळा. जेवण जाईना. डोस्कं जड पडतंय. वाचूलालो, पण एक ओळ डोक्यात बसंना."

दुःख आहे, निराश वाटतं, असं तो एकदाही म्हणत नाही. नांदेडच्या ओपीडीतही असंच असतं, तिथे माणसं छाती भरून येणं आणि हातापायातलं बळ जाणं घेऊन येतात. पीएचक्यू-9 मी त्याच्या हातात देत नाही, बोलता बोलता विचारते. गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न, एकेकाला शून्य ते तीन गुण. नवव्या प्रश्नावर आवाज बदलू द्यायचा नाही, फिरवून विचारायचं नाही.

"जीव द्यावा असं मनात येतं का?"

खूप जणांना वाटतं, असं विचारल्याने मुलाच्या मनात नसलेलं भरतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं, याने बहुतेकांना सुटल्यासारखंच वाटतं. तो मान वर करतो. "येतं कधीमधी. पण तसलं काही करणार नाही."

आता पुढचे प्रश्न ठरलेले आहेत: काही ठरवलंय का, आधी कधी झालंय का, रात्री सोबत कोण असतं. उत्तरं ऐकून मी त्याला थांबवून ठेवते आणि त्याच्यासमोरच मॅडमना फोन लावते. मग आम्ही दोघं कागद घेतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांची सुरक्षा योजना जगभर वापरतात, तिच्यात सहा पायऱ्या आहेत आणि त्या ज्याच्या त्याने आपल्या हाताने, आपल्या शब्दांत भरायच्या असतात. वाईट वाटायला लागलंय हे कळतं कशावरून? 'रँक लिस्ट लागल्यावर घसा कोरडा.' तेव्हा एकट्याने काय करता येतं? तो बराच वेळ विचार करतो, मग लिहितो: 'गंजगोलाईला चक्कर.' त्या गोल बाजारात येऊन मिळणारे सोळा रस्ते मोजत जायची सवय त्याला अकरावीपासून आहे. नंतर मित्राचं नाव. नंतर उदगीरच्या ताईचा नंबर. 14416, टेलिमानस, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. शेवटची पायरी खोलीत आणि घरी काय काय सुरक्षित ठेवायचं ही. गावाकडे सुट्टीत गेल्यावर फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप असेल आणि किल्ली आईकडे, हे ताईने बघायचं, असं तो स्वतःच सुचवतो.

उद्या सकाळी मित्राबरोबर विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेच्या मनोविकार ओपीडीत जायचं ठरतं. झोपेचं आणि औषधाचं डॉक्टर बघतील. ते माझं काम नाही. वडिलांशी मी फक्त झोप, जेवण आणि डॉक्टर एवढंच बोलावं, असंही ठरतं. तशी दोन ओळींची परवानगी तो लिहून देतो. अक्षर सुंदर आहे.

दुपारी 12:40

दाराबाहेर समन्वयक सर. ते वाईट माणूस नाहीत. मुलांच्या तापाला रात्री दवाखान्यात तेच नेतात. "मॅडम, काय म्हणला? राहतंय का पोरगं?"

"भेट झाली सर. पुढच्या गुरुवारी परत भेटू."

"नाही, ते ठीक. पण फोकस येईल ना? थोडं दोन शब्द सांगा त्याला. तुमच्यासारख्यांचं ऐकतात."

त्यांच्या दृष्टीने माझं काम सोपं आहे. घसरलेला मुलगा दिला, चढलेला परत द्यायचा.

दुपारी 1:15

डबा उघडेपर्यंत त्या मुलाच्या वडिलांचा फोन. मी मनाशी तयारी केलेली: आता म्हणतील, शेत गहाण टाकलंय, समजवा त्याला.

"मॅडम, म्या कव्हाच म्हणलो त्याला, बस कर. बीएस्सी कर, काय बी कर. ऐकना गेलाय. एक बार अजून, एक बार अजून. पैशाचं जाऊ द्या, म्हैस काय पुन्हा घेता येती. तुमी सांगा की त्याला सोड म्हणून. तुमचं ऐकल."

म्हणजे क्लासला हवं, मी त्याला टिकवावं. बापाला हवं, मी त्याला सोडायला लावावं. दोघांचाही माझ्यावर विश्वास आहे आणि दोघांनाही वाटतं मी त्यांच्याकडून बोलेन. चटणी चांगली झाली होती, एवढं त्या जेवणातलं आठवतं.

दुपारी 2:30

सुपरव्हिजन. या दोन वर्षांत मी जे काही शिकले त्यातलं बहुतेक या दोन तासांत. मॅडम लातूर जिल्ह्यातल्याच. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3:56 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळेत होत्या. पुनर्वसन झालेल्या 52 गावांपैकी एक त्यांचं. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा, त्या एकदा म्हणाल्या होत्या, रोज कुणी ना कुणी यायचं, प्रत्येकाच्या हातात फॉर्म, प्रत्येकाला काहीतरी भरून न्यायचं असायचं. तेवढंच. पुढे त्यांनी काही समजावून सांगितलं नाही.

पद्धत अशी: संभाषण जसंच्या तसं आठवून लिहायचं, त्याला आम्ही व्हर्बेटिम म्हणतो. डावीकडे तो काय बोलला, मधे मी काय बोलले, उजवीकडे त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. उजवा रकाना आधी सगळ्यांचा रिकामा राहतो. मॅडम वाचत नाहीत, मलाच मोठ्याने वाचायला लावतात, आणि मधेच थांबवतात.

"या खोलीत किती जण होते?"

दोघं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही मोजायला लागतो. तो. मी. काचेमागचे सर. फोन यायच्या आधीच माझ्या डोक्यात येऊन बसलेला बाप, तोही चुकीचा. माझी काळी फाइल, जिला पूर्ण केस हवी आहे. शिवाय माझा भाऊ, जो दोन वर्षं याच गल्लीत राहून परत आला आणि ज्याच्याबद्दल उजव्या रकान्यात मी एक शब्द लिहिला नव्हता. मॅडमनी त्याचं नाव काढलं नाही, मीच काढलं.

"ज्याने पाठवलं त्याला नमस्कार करायचा, चहा प्यायचा, नियम सांगायचे," त्या म्हणतात. "काम जो आला त्याचं. आणि तो राहायचं म्हणाला तर तुला आनंद झाला का, सोडायचं म्हणाला तर आनंद झाला का, हे आधी तुझं तू बघ. दोन्हींपैकी एकाला जरी हो असेल, तर तूही पाठवणाऱ्यांपैकीच."

मग धोक्याच्या नोंदी एकेक तपासणं. मित्राला कुणी सांगितलं? ताईला फोन झाला का? उद्या ओपीडीला पोचला हे तुला कसं कळणार? इथे त्या एकदम कडक. समानुभूती वगैरे बाजूला, वेळ आणि नाव लिही. ताईचा फोन माझ्यासमोर लाव. लावला. ताई म्हणाली, मी उद्या सकाळच्या गाडीने येते.

संध्याकाळी 5:00 ते 8:15

परतीची बस. रिकामे डबे याच बसने परत निघालेले. झोप.

रात्री 9:00

नांदेड. खाली भाजी घ्यायला गेले तर हुजूर साहिबला आलेल्या पंजाबी यात्रेकरूंचा घोळका रस्ता विचारत होता. गुरू गोविंदसिंग 1708 साली इथेच निवर्तले. त्यावरून आठवलं, सेमिनारला जे. एस. नेकी वाचायचे आहेत. हे पंजाबी मनोविकारतज्ज्ञ आणि कवी. 1973 च्या एका लेखात त्यांनी मांडलं की भारतात उपचारकाकडे माणूस बरोबरीच्या नात्याने येत नाही, तो गुरूकडे यावा तसा येतो, आणि गुरू-चेला हे नातंच उपचाराचं प्रारूप होऊ शकतं. रॉजर्सच्या अगदी उलट वाटतं. 'तुमचं ऐकल' असं म्हणणारा बाप नेकींना लगेच समजला असता. पण नेकींचा गुरू चेल्याचा असतो, चेल्याला आणून सोडणाऱ्याचा नसतो. सेमिनारमध्ये एवढं तरी बोलेन. बाकी वाचून झालेलं नाही.

नोंदी लिहिल्या. केस नोटमध्ये मत घालायचं नाही: काय दिसलं, काय ऐकलं, काय ठरलं. समन्वयक सरांना मेसेज मात्र तीनदा लिहून खोडला. शेवटी पाठवला तो असा: 'विद्यार्थ्याची भेट झाली. त्याच्याशी व त्याच्या कुटुंबीयांशी पुढील वैद्यकीय भेटीविषयी बोलणे झाले आहे. उद्या सकाळी त्याला सुट्टी लागेल. यापेक्षा अधिक माहिती त्याच्या संमतीशिवाय देता येणार नाही.'

निळ्या खुणा लगेच आल्या. 'टायपिंग' बराच वेळ दिसत राहिलं. मग उत्तर:

'ओके मॅडम. सुट्टी मंजूर. रविवारच्या टेस्टला बसेल ना पण?'